डावा इंडिकेटर

मास्तरांची फूटपट्टी मांडीवर बसली नाही असा गाडी चालवणारा माणूस गावात शोधून सापडला नसता. दंतवैद्याला बसली होती, पोस्टमनला बसली होती, बेकरीवाल्याला तर लग्नाच्या आदल्या दिवशीही बसली होती. मोटार शिकवणारे मास्तर गावात एकच. त्यामुळे ते गेल्याचं कळल्यावर सगळ्यांनी आपापल्या गाड्या धुतल्या आणि मास्तरांच्या दारापासून थेट कोपऱ्यापर्यंत रांगेने आणून लावल्या.

रांगेच्या तोंडाशी शववाहिनी होती आणि शववाहिनीच्या स्टिअरिंगवर क्लच्या. घोळ झाला तो इथेच.

क्लच्या हे नाव मास्तरांनी ठेवलेलं. क्लचवरचा पाय तो काही केल्या उचलायचा नाही म्हणून. पुढे पाय उचलला गेला, नाव तिथेच राहिलं. इंडिकेटरचं मात्र त्याला कधीच जमलं नाही. तो आधी वळायचा आणि मग इंडिकेटर द्यायचा. "अरे, इंडिकेटर म्हणजे आगाऊ सूचना," मास्तर म्हणायचे. "तू मागच्यांना इतिहास सांगतोस."

मास्तरांचे नियम दोनच. इंडिकेटर दिल्याशिवाय वळायचं नाही, समोर समुद्र आला तरी नाही, हा पहिला. दुसरा रविवारच्या फेरीपुरता. रविवारी ते आजी-माजी विद्यार्थ्यांना आपल्या गाडीमागे रांगेने गावाबाहेर न्यायचे. तेव्हा पुढच्या गाडीने केलं ते मागच्याने करायचं. पुढच्याने दिवे लावले की दिवे, हॉर्न वाजवला की हॉर्न. शंका घरी जाऊन काढायच्या. माणसं डॉक्टर झाली, आजोबा झाली, पण हे डोक्यातून गेलं नाही.

दवाखान्यातल्या शेवटच्या भेटीत मास्तरांनी क्लच्याचा हात धरला. क्लच्याला वाटलं, आशीर्वाद देतायत.

"मला न्यायला तुझ्या मामाचीच गाडी येणार ना?"

"असं काय बोलता, मास्तर!"

"मामाचा हात प्लास्टरमध्ये. म्हणजे चालवणार तू." मास्तरांनी डोळे मिटले. "वळायच्या आधी दे रे, बाबा. एकदा तरी. मी मागेच असेन."

क्लच्याने शब्द दिला. मास्तरांना दिलेला शब्द मोडला तर पूर्वी फूटपट्टी बसायची. आता ती बसणार नव्हती, आणि ते जास्त वाईट होतं.

मामाची शववाहिनी परदेशातून वापरून आलेली होती. तिचं सगळं उलटं. गावातल्या सगळ्या गाड्यांना इंडिकेटरचा दांडा स्टिअरिंगच्या उजव्या हाताला आणि वायपरचा डाव्या हाताला; हिला इंडिकेटर डावीकडे आणि वायपर उजवीकडे. क्लच्या एरवी मागे बसून शवपेटी धरायचा, पुढे कधी बसलाच नव्हता. निघताना मामाने गळ्यात अडकवलेला हात हलवत बजावलं.

"सगळं उलटं आहे. एवढं लक्षात ठेव."

"कशाच्या उलटं, मामा?"

"तुला जे वाटेल त्याच्या."

इतकी अचूक सूचना क्लच्याला आजवर कोणी दिली नव्हती.

शेजारी, डाव्या सीटवर, मास्तरांची बायको बसली. तिला सगळा गाव बाई म्हणायचा. त्यांनी पदर सावरला, पर्स मांडीवर घेतली आणि म्हणाल्या, "चल बाळ. ह्यांना उशीर आवडत नाही."

पहिल्या सरळ रस्त्यावर सगळं छान चाललं. शववाहिनीच्या मागे दिवे लावून चालायची रीत होती. क्लच्याने दिवे लावायला दांडा फिरवला. लख्ख उन्हात वायपर सुरू झाले.

तो दांडा होता उजवा. क्लच्याने तो उलटा फिरवला. वायपर जोरात चालू लागले. कोरड्या काचेवर असा आवाज यायला लागला की वाटावं, कोणीतरी रडतंय, पण मनापासून नाही. त्याने घाईने दांडा आपल्याकडे ओढला. काचेवर साबणाच्या पाण्याचे दोन फवारे उडाले, आणि त्यातला एक टपावरून मागे जाऊन दंतवैद्याच्या गाडीवर पडला.

क्लच्याने भीतभीत आरशात पाहिलं. दंतवैद्याचे वायपर चालू होते. त्याच्या मागे पोस्टमनचे. त्याच्या मागे सगळ्यांचे. अख्खी रांग कडक उन्हात काचा पुसत येत होती, आणि मधूनच ओळीने फवारे उडत होते. कोणाच्याही चेहऱ्यावर प्रश्न नव्हता. शंका घरी जाऊन काढायच्या होत्या.

"हे काय करतोयस?" बाईंनी विचारलं.

"चुकून लागलं, बाई. बंद होत नाहीये."

"असू दे. काच स्वच्छ होतेय."

असं करत रांग सर्कलपाशी आली. मध्ये कोरडं पडलेलं कारंजं, भोवती गोल रस्ता, आणि त्यातून डावीकडे फुटणारा स्मशानाचा रस्ता. इथेच वळायचं होतं. क्लच्याने मनाशी ठरवलं: आधी इंडिकेटर, मग वळण. सवयीने उजवा हात दांड्यावर गेला. फवारा उडाला. स्मशानाचा रस्ता डाव्या अंगाने मागे निघून गेला.

"गेला," बाई म्हणाल्या.

"पुढच्या फेरीला घेतो, बाई."

पुढच्या फेरीला त्याने स्वतःशी मोठ्याने म्हटलं, "उलटं, उलटं," आणि डावा दांडा धरला. दांडा खाली गेला. टिक, टिक, टिक. बरोबर! क्लच्याच्या डोळ्यांत पाणी आलं. पण सर्कल गोल होतं. गोलावर राहायचं तर स्टिअरिंग उजवीकडे आणखी थोडं ओढावं लागतं. त्याने ते केसभर ओढलं आणि दांडा टक् करून आपणहून जागेवर आला. इंडिकेटर बंद. स्टिअरिंग दुसरीकडे फिरलं, म्हणजे वळण झालं असं त्या यंत्राला वाटत होतं. कधी नव्हे तो क्लच्याने वळायच्या आधी दिला होता, तर यंत्रच इतिहास समजून मोकळं झालं.

इंडिकेटर नाही, म्हणजे वळायचं नाही. रस्ता पुन्हा मागे गेला.

पुन्हा टिक, टिक, टक्. पुन्हा. तेवढ्यात क्लच्याला समोर बेकरीची पांढरी व्हॅन दिसली. बेकरीवाला रांगेत शेवटचा होता. आता तो पुढे होता. अख्खी रांग सर्कलमध्ये शिरली होती आणि तिचं शेपूट तिच्याच तोंडाला येऊन लागलं होतं. कारंज्याभोवती माणसांनी भरलेल्या, धुतलेल्या, दिवे लावलेल्या गाड्यांचं एक अखंड कडं गोगलगाईच्या वेगाने फिरत होतं, आणि सगळ्यांचे वायपर चालू होते.

बेकरीवाल्याने खिडकीतून मान बाहेर काढली. "अरे क्लच्या, तू माझ्या मागे कसा?"

"मी मागे नाही! मी सगळ्यांच्या पुढे आहे!"

"मग मी कोणाच्या मागे जाऊ?"

"पुढच्याच्या!"

"पुढचा कोणाच्या मागे जातोय?"

"माझ्या!"

बेकरीवाल्याने क्षणभर विचार केला. मग मान आत घेतली आणि पुढच्याच्या मागे जात राहिला.

क्लच्याने हात टेकले. म्हणजे टेकले असते, पण स्टिअरिंग सोडता येत नव्हतं. मामाला फोन लावावा तर फोन खिशात आणि खिसा पट्ट्याखाली. थांबावं तर सगळं गाव थांबेल, आणि मग कोणी हलायचं हे कोण ठरवणार? मागे पेटीत मास्तर होते. आयुष्यात एकदाही ह्या सर्कलला त्यांनी उगाच फेरी मारली नव्हती. आता त्यांच्या किती फेऱ्या झाल्या ते क्लच्याने मोजायचं सोडलं होतं.

"बाई, मी त्यांना शब्द दिला होता," तो रडवेला होऊन म्हणाला. "इंडिकेटर देऊन वळेन म्हणून. राहतच नाहीये हो. दिला की जातो."

बाईंनी पर्स खाली ठेवली. काच खाली केली. आणि डावा हात खांद्यापासून सरळ बाहेर काढला. बांगड्या मनगटावरून कोपराकडे घसरल्या. हात जरासुद्धा हलत नव्हता.

"वळ," त्या म्हणाल्या.

"पण बाई, इंडिकेटर..."

"आमच्या पहिल्या गाडीला डावा इंडिकेटर नव्हताच. लग्न झाल्यापासून मीच होते."

"मास्तरांनी दुरुस्त नाही केला?"

"निघाले होते करायला. मी म्हटलं, मग मला कशाला न्याल?" हात बाहेर तसाच. "वळ बाळ, खांदा दुखतोय."

क्लच्या वळला. आरशात दंतवैद्याच्या बायकोचा हात बाहेर आला. मग पोस्टमनच्या बहिणीचा. शेजारी कोणी नसलेल्यांची पंचाईत झाली. एकाने छत्री बाहेर काढली. काहींनी घाबरून उजवाच हात काढला आणि डावीकडे वळले. कडं सुटलं. हात बाहेर काढलेल्या गाड्या एकामागून एक स्मशानाच्या रस्त्याला लागल्या. सगळ्यांत शेवटी बेकरीवाला आला, त्याच्या खिडकीतून एक लांब पाव बाहेर होता. सर्कलपाशी थांबलेल्या लोकांना वाटलं, सगळे मास्तरांचा निरोप घेतायत. वायपर अजून चालूच होते, त्यामुळे गाड्याही घेतायत असं दिसत होतं.

किल्ली बंद केली तेव्हाच वायपर थांबले, काचेच्या मधोमध, उभे.

सगळं उरकल्यावर बाई मुलीच्या गाडीतून घरी गेल्या. निघताना क्लच्याच्या काचेवर दोन बोटांनी वाजवून म्हणाल्या, "ह्यांनी पाहिलं असतं तर ओरडले असते. पण वळलास आधी देऊनच."

"मी कुठे दिला, बाई. तुम्ही दिला."

बाई खांदा चोळत चोळत गेल्या.

क्लच्या रिकामी शववाहिनी घेऊन एकटाच परत निघाला. सर्कलपाशी आला. डावा हात, डावा दांडा. गोल सोडताना स्टिअरिंग उजवीकडून सुटायला लागल्यावरच खाली केला. टिक, टिक, टिक. राहिला. तो आरामात, ऐटीत, आधी देऊन वळला.

त्याने आरशात पाहिलं. मागे रस्ता रिकामा होता. मागच्या भागातही कोणी नव्हतं.

वळण पसरट होतं, स्टिअरिंग फारसं फिरलंच नाही, त्यामुळे इंडिकेटर आपणहून बंद झाला नाही. क्लच्याने दांड्याकडे एकदा पाहिलं. हात लावला तर काय सुरू होईल याचा भरवसा नव्हता. मामाच्या दारापर्यंत तो सरळ रस्त्याने, डावीकडे वळणार असल्याचं सांगत गेला.