नट कोण धरायचं

माधुरीवहिनीचा फोन आला तेव्हा चेतना मुलुंडच्या ऑफिसात डबा उघडत होती.

"रविवारी येशील का गं? सोमवारी सामान न्यायला टेम्पो येणार. दादाचं काही हवं असेल तर बघून घे."

"येते," चेतना म्हणाली. फोन ठेवला आणि जेवली.

मिथुनदादा डिसेंबरात गेला होता. अंधेरीच्या ऑफिसात जिना चढता चढता बसला, तो उठलाच नाही. तेव्हापासून चेतना सगळं नीट करत होती. पुण्यानुमोदनाला आलेल्यांना पाणी दिलं, भाड्याच्या खुर्च्या परत पाठवल्या, दुसऱ्या दिवशी ऑफिसला गेली. दाताच्या डॉक्टरने सुई टोचली की गाल बधिर होतो ना, आपलाच असून हाताला परका लागतो, तसं तिला आतून झालं होतं. ते उतरत नव्हतं.

रविवारी दादाच्या कांदिवलीच्या घरात पाय ठेवायला जागा नव्हती. वहिनीने बँकेतून वर्ध्याला, माहेरी, बदली मागून घेतली होती. तिने माळ्यावरून एक पत्र्याचा डबा काढून पुढे केला.

"हे काय आहे? हलवलं की नुसतं खुळखुळतंय. भंगारात टाकणार होते."

चेतनाने झाकण उचकटलं. भोकाभोकांच्या हिरव्या-लाल पट्ट्या, पितळी चाकं, कप्प्या, गंजके नट-बोल्ट, लाकडी मुठीचा स्क्रू-ड्रायव्हर.

"मेकॅनो. जोडाजोडीचा खेळ. बाबांनी चोरबाजारातून आणलेला. तेव्हाही जुनाच होता."

"त्याने कधी दाखवला नाही."

चेतना सांगू लागली. चेंबूरची खोली. मे महिन्याची सुट्टी, आई-बाबा दोघं कामावर, दाराला आतून कडी. कसं जोडायचं त्या चित्रांचं पुस्तक डब्यात नव्हतंच, म्हणून दादा मनानेच बनवायचा. पूल, पाळणा, क्रेन. "तो पुढून स्क्रू फिरवायचा आणि मी मागून नट दाबून धरायचे. बोट दुखायचं यार. नट निसटला की टपली! एकदा क्रेनने कांदा उचललेला आम्ही."

वहिनी हातातलं वर्तमानपत्र तसंच धरून ऐकत होती.

"तू उलटं सांगतेयस," ती म्हणाली.

"काय उलटं?"

"तो म्हणायचा, चेतना बनवायची. मी नुसता नट धरून बसायचो. हे पुस्तकांचं कपाट आणलं ना, सुटं आलेलं, दोन तास त्याला जमेना. तेव्हा म्हणाला, चेतनाला बोलव, लहानपणी सगळं तीच जोडायची, मी तिचा हेल्पर."

"मस्करी केली असेल."

"नाही गं. सीरियसली सांगत होता."

चेतनाने स्क्रू-ड्रायव्हर हातात घेतला. ती मूठ तिला आठवत होती, रंग उडालेला तेही आठवत होतं. पण ती कुणाच्या हातात होती, हे बघायला गेलं की हात दिसत नव्हता. नुसती फरशी दिसत होती. तिला वाटलं, आता काहीतरी होईल. ती थोडा वेळ थांबली. काही झालं नाही.

"बनव ना काहीतरी," वहिनी म्हणाली.

"आता? पॅकिंग?"

"होईल पॅकिंग."

दोघी खोक्यांच्या मध्ये फतकल मारून बसल्या. चेतनाने दोन लांब पट्ट्या जुळवल्या, बोल्ट घातला. वहिनीने न सांगता मागून नट धरला. पहिला निसटून सोफ्याखाली गेला. वहिनीने दुसरा घेतला. "घट्ट?" "अजून थोडा." "हं." दुपारपर्यंत क्रेन उभी राहिली, जराशी डावीकडे कलती. दोरी नव्हती म्हणून वहिनीने शिवणाचा दोरा ओवला. मग दोघींनी कुकरमधला वरण-भात लोणच्याबरोबर खाल्ला. चेतनाने दुसऱ्यांदा भात घेतला.

"तू नेणार?" वहिनीने विचारलं.

"नको. तू ने."

"सुटं करून देतेस?"

"राहू दे असंच."

वहिनीने दादाचा टॉवेल आणून क्रेनभोवती गुंडाळला आणि ती भांड्यांच्या खोक्यात उभी ठेवली. निघताना दोघींनी एकमेकींना मिठी मारली नाही. वहिनी म्हणाली, "पोचल्यावर फोन कर," आणि लिफ्टचं दार लागलं.

रिक्षात बसल्यावर चेतनाने आईला फोन लावला.

"आई, आपला तो मेकॅनो होता ना? त्याचं सगळं कोण बनवायचं गं? दादा की मी?"

आईच्या मागे टीव्ही चालू होता.

"मला काय माहीत बाई. मी कामावर असायचे. यायचे तोवर तुम्ही सगळं आवरून ठेवलेलं असायचं."

"बरं."

"का गं? माधुरी काय म्हणाली का?"

"नाही. सहज विचारलं."

"जेवलीस ना तिथे?"

"हो, जेवले," चेतना म्हणाली. सिग्नल सुटला आणि रिक्षा पुढे निघाली.