दोरीनं बांधलेली झुलती खुर्ची

जुन्या वस्तूनं भरवसा ठेवावा कोणावर, सांगा बरं? 'विकता का?' म्हणून दारात उभं राहणाऱ्यावर, की 'हिला हात लावू नका' म्हणून कवटाळणाऱ्यावर? मी समुद्रापारच्या एका बेटावरल्या बानी गावातली महोगनीची झुलती खुर्ची बोलतेय. मला दोघंही भेटले, आणि खरं सांगते, जास्त नुकसान कवटाळणाऱ्यानं केलं.

एलेउतेरिओ सुताराच्या अंगणात मी जन्मले. अंग लाकडाचं, बैठक वेताची. कापडवाल्या प्लासिदोशेटनी मला दुकानाच्या दारात मांडलं, म्हणून माझं बोलणं थोडं व्यापारी.

सौदा करताना शेट डुलत. भाव मनाजोगा आला की डुलणं थांबे. आतून त्यांची बायको एर्सिलियाबाई ओरडत, "अहो, तोंड मिटून काय उपयोग? खुर्ची थांबली की सगळ्या बाजाराला कळतं!" मग शेट भाव पटला की उलट जोरात डुलू लागले. एकदा इतक्या जोरात, की मागच्या केळ्यांच्या टोपलीत जाऊन पडले. सौदा मात्र झाला!

संध्याकाळी शेट माझ्यावर, बाई शेजारच्या स्टुलावर, हातात कॉफी. रस्त्यानं जाणारा प्रत्येक जण दोन शब्द बोलूनच पुढे जाई.

मग शेट वारले. रिकामी झुलती खुर्ची डोलली, तर ती मेलेल्याला बोलावते, असं आमच्याकडे मानतात. दारात वारा मोठा. बाईंनी मला खिडकीच्या गजाला दोरीनं बांधून टाकलं. ना कुणाला बसू दिलं, ना हलवू दिलं. स्वतःही दारात यायच्या थांबल्या, आतल्या खोलीत पंख्याशी बोलत बसू लागल्या. माणसांची माया मोठी गमतीची. जिच्यावर जीव, तिला बांधून ठेवायचं आणि वर म्हणायचं, जपलंय हो!

जपलं कसलं? वापर नसला की वेत वाळतो. माझी बैठक कडकडली, मधोमध फाटली. एक बाकदार पाय वाळवीनं खाल्ला. खाली सावली बघून कोंबडी अंडी घालू लागली. तेवढीच काय ती घराला कमाई.

शेवटी मुलगी मिरेया चिडली. "आई, शनिवारी राजधानीतून जुन्या सामानाचा व्यापारी येतोय. हिला पांढरा रंग मारून हॉटेलात ठेवणार म्हणतो."

"पांढरा रंग? अगं, ती खुर्ची आहे की पांढऱ्या झग्यातली नवरी?"

"मग दुरुस्त करू दे. नाहीतर शनिवारी गाडीत चढवते, बघच तू."

बाईंनी माझ्या फाटक्या बैठकीवर हात ठेवला. मग म्हणाल्या, "वेत विणणाऱ्या बियेनवे मास्तरला बोलाव. पण डोलवायची नाही, सांगून ठेवते!"

मास्तरनं वेत भिजवला, बैठक नव्यानं विणली. पायाचा कुजका तुकडाच तेवढा कापून नवा जोडला. जुन्या लाकडाची झिलई तशीच ठेवली. त्याचा हात बाजूला होतो न होतो, तोच बाईंनी मला पुन्हा दोरी बांधली.

"मावशी, तोल बघायला डोलवावी लागेल."

"रिकामी? हात तर लावून बघ!"

"बरं, मीच बसतो."

"तुझं ते पोट घेऊन? वीण उसवेल."

"मग बसणार कोण? कोंबडी?"

मिरेया तोंड दाबून हसली. बाई हसल्या नाहीत. त्यांनी दोरी सोडली आणि पाहुण्यासारख्या माझ्या कडेला टेकल्या. मग हळूहळू मागे सरकल्या. पाठ टेकली. मी डोलले. मेलेलं कोणी आलं नाही, समोरची शेजारीण मात्र धावत आली, "अगंबाई, एर्सिलिया! दारात?"

शनिवारी सामानवाला आला, तेव्हा बाई माझ्यावरच होत्या.

"बाई, खुर्ची विकायची होती ना?"

"हो तर," त्या म्हणाल्या. "आधी मला उठवून दाखव."

आता एक विनंती. घरातलं जुनं टाकायचं की दुरुस्त करायचं, याचा हिशेब तुम्हीही मांडाल. वेताचा खर्च लिहाल, मास्तरची मजुरी लिहाल, आणि नवी प्लास्टिकची खुर्ची स्वस्त पडते म्हणाल. पडू द्या. पण एक बाई पुन्हा दारात येऊन बसली, ते जमेच्या बाजूला लिहायला विसरू नका. हिशेब खरा ठेवा, एवढंच.