गुरुवारची तारीख

सिस्टरच्या बाबांच्या शिवणाच्या दुकानात कात्रीची करकर आणि गिऱ्हाइकांची फिरकी दिवसभर चालायची. सगळे त्यांना मास्तर म्हणत. खडू कानावर ठेवून तो दुकानभर शोधणारा माणूस! आज इस्पितळाच्या बैठकीत सिस्टरला ती करकर आठवली.

फळ्यावर मोठ्या डॉक्टरांनी लिहिलं होतं, ‘छोटा झटका : तपासणी दर गुरुवारी.’ मेंदूचा रक्तपुरवठा जरा वेळ अडतो, तोंड वाकडं होतं नाहीतर हात लुळा पडतो, आणि मग सगळं पूर्ववत. अशा पेशंटसाठी ही नवी सोय होती.

“रोज हवी,” सिस्टर म्हणाली.

“अहो, माणसं कुठून आणू? आणि हे लोक चालत येतात, चालत जातात. आठवडाभर थांबले तर काय आभाळ कोसळणार आहे?”

मग सिस्टरने सांगितलं. बावीस वर्षांपूर्वी एका शुक्रवारी मास्तरांच्या हातातून कात्री पडली. दहा मिनिटांत हात ठणठणीत. “रुसला होता, काढली समजूत,” म्हणत ते पुन्हा लेकीच्या नव्या गणवेशाची बाही कापायला लागले. आईने हट्टाने त्यांना इस्पितळात धाडलं. नोंदणीच्या खिडकीवरून चिठ्ठी मिळाली, ‘आता बरे आहे. गुरुवारी यावे.’ मंगळवारी मोठा झटका आला.

पुढे सात वर्षं मास्तर दुकानाच्या दारात खुर्ची टाकून बसले. उजव्या हाताने पुन्हा कात्री धरली नाही, पण गल्लीतल्या सगळ्यांची मापं तोंडपाठ. “वाणीशेठ, दोन इंच वाढलात!” असं जाणाऱ्याला बोबड्या बोलात ऐकवायचे. काय गोड दिवस होते तेही! गणवेशाची बाही मात्र टाचलेलीच राहिली.

डॉक्टर चिडले. “शुक्रवारीच कोणी पाहिलं कसं नाही? खिडकीवर कोण दिवटा बसला होता?”

“मी,” सिस्टर म्हणाली. “नोकरीचा दुसरा महिना. बरं वाटत असेल तर गुरुवारची तारीख द्यायची, असंच शिकवलं होतं. बाबांनी चिठ्ठी वाचली नि म्हणाले, अक्षर छान काढतेस गं.”

डॉक्टरांनी उठून ‘दर गुरुवारी’ पुसलं आणि खडू तिच्यापुढे धरला.

तिने त्याच वळणदार अक्षरात लिहिलं, ‘रोज.’