रस्त्याकडे तोंड केलेला मांडव

बाबांना माती दिली आणि मी सात दिवसांच्या सुतकाला बसले. आम्हा ज्यूंमध्ये सुतकात बुटक्या स्टुलावर बसायचं, आरशांवर चादरी टाकायच्या, आणि मध्येच सण आला तर सुतक तिथेच संपवायचं. मांडवांचा सण, म्हणजे फांद्यांच्या मांडवात बसून जेवायचे दिवस, तोंडावर होता. रडायलासुद्धा मला पुरते सात दिवस मिळणार नव्हते.

हर्मनकाका भेटायला आले. बाबांचे बुद्धिबळाचे जोडीदार आणि आमच्या मूठभर ज्यू समाजाचे अध्यक्ष. आधी बाबांबद्दल बोलले. मग खाली बघत म्हणाले की इथून पुढचे सगळे सण आत, दारं लावून होणार. वसंतात प्रार्थनाघराच्या खिडकीवर दगड आला होता, तेव्हापासून पोलिसही हेच सांगत होते. मांडवही यंदा सभागृहातच. मुलांनी छताला कागदी चांदण्या चिकटवायला घेतल्या होत्या.

आमचा मांडव प्रार्थनाघराच्या अंगणात असतो, रस्त्याकडे तोंड करून. दुसरं महायुद्ध संपल्यावर, नाझींपासून पळून गेलेले आजोबा स्वीडनमधून इथे नॉर्वेला परतले, तेव्हा त्यांच्या घरात दुसरंच कुटुंब नांदत होतं. त्या शरदात त्यांनी मांडव घातला आणि त्याची एक बाजू रस्त्याकडे मोकळी ठेवली. आम्ही परत आलोय, हे गावाला दिसू दे, म्हणून. त्यांच्यामागे बाबांनी एकही वर्ष चुकवलं नाही.

"छताखाली मांडव होत नाही, काका. वर आकाश दिसायला हवं."

"देवाला आपली अडचण कळते गं."

"देवाला कळते. पण आपण इथे आहोत हे गावाला कसं कळणार?"

त्यांनी चष्मा पुसला. "तू सुतकात आहेस. हातात हातोडा धरता येत नाही तुला. हे मला तुझ्या बापानंच शिकवलंय."

खरं होतं.

पण सणाच्या आदल्या दिवशी, दुपार टळली की, सुतकातल्या माणसाला सणाच्या तयारीसाठी उठता येतं. हेही बाबांनीच शिकवलेलं. मी उठले, सुतकासाठी फाडलेल्या कॉलरचा ब्लाऊज तसाच अंगावर ठेवून प्रार्थनाघराच्या अंगणात गेले आणि फळ्या बाहेर काढल्या. रोझेटमावशीने गाडीच्या टपावर स्प्रूसच्या झाडाच्या फांद्या बांधून आणल्या होत्या. खांब धरून ती सारखी कुरकुरत होती.

"वाकडा आहे. तुझा बाप निदान सरळ उभा करायचा."

"बाबांचाही वाकडाच असायचा, मावशी."

"असायचा. पण तोऱ्यात असायचा."

हर्मनकाका आले तेव्हा आम्ही फांद्या पसरत होतो. त्यांना राग आला होता. लोकांच्या पोराबाळांची जबाबदारी माझ्यावर आहे, तुझ्यावर नाही, असं ते म्हणाले, आणि ते चूक नव्हतं. मी म्हटलं, कुणी आलं नाही तरी मी इथेच जेवेन. ते आत गेले आणि पहाऱ्यासाठी पोलिसांना फोन केला. गाडी थोडा वेळच थांबू शकेल, असं उत्तर आलं.

संध्याकाळी सण लागला, सुतक संपलं आणि मी कपडे बदलले. लोक आले, नेहमीपेक्षा कमी. काकांनी द्राक्षारसाचा आशीर्वाद म्हटला, मावशीने सूप वाढलं. पोलिसांची गाडी निघून गेली आणि थोड्याच वेळात फ्योर्डच्या खाडीवरून पाऊस आला. थेंब फांद्यांतून गळून थेट ताटल्यांत पडायला लागले.

हर्मनकाका उभे राहिले. "पावसानं सूप बिघडत असेल तर आत जावं, असं शास्त्र सांगतं. निदान आता तरी शास्त्र माझ्या बाजूनं आहे."

लोक हसले, पण उठलं कुणी नाही. सगळे माझ्याकडे बघत होते. फुटपाथवरून छत्री धरून एक जोडपं चाललं होतं. तेही क्षणभर थांबून बघू लागलं.

मी एक चमचा सूप प्यायले.

"पातळ झालंय," मी म्हटलं. "बिघडलं नाहीये."

हर्मनकाकांनी कोटाची कॉलर वर केली, आपली खुर्ची उचलून माझ्या आणि रस्त्याच्या मधे ठेवली, तिच्यावर बसले आणि मावशीकडे मीठ मागितलं.