खोटारडं ठरलेलं यंत्र

मी एक जुनं, रक्तातली साखर मोजायचं यंत्र आहे. मित्रांनो, माझं काम एकच. बोटातल्या थेंबाची साखर सांगायची. तो आकडा कुणाला आवडेल की नाही, हे मला बघता येत नाही.

सुजाताने मला पावर हाउस भागातल्या औषध दुकानातून आपल्या बाबांसाठी आणलं. तिचे बाबा जानराव, पोलाद कारखान्यातून निवृत्त झालेले; घर खुर्सीपार वस्तीत. सहा वर्षं दर रविवारी, जेवण झाल्यावर दोन तासांनी ते माझ्यासमोर बसत. आकडा दीडशेच्या आसपास आला की शेजाऱ्यांना दाखवत, "माहं मशीन कधी चुकत नाही!" त्या कौतुकाने मी फुलून जात असे.

मग त्यांचे कारखान्यातले सोबती पुंडलिक एक डबा घेऊन आले. डब्यावर धावणाऱ्या म्हाताऱ्याचं चित्र. आतल्या भुकटीत काय आहे, ते मात्र कुठेच लिहिलेलं नव्हतं.

"जडीबुटी आहे, जानराव. म्हातारपण जवळ येत नाही. मी सोता खाऊन राहिलो."

आठवड्याभरात जानरावांचे गुडघे दुखायचे थांबले. भूक वाढली, गाल भरले. "बुढा जवान होऊन राहिला," असं सगळा मोहल्ला म्हणू लागला. मला मात्र त्या डब्याचा संशय आला. कारण त्या रविवारी माझ्यावर २१० उमटलं. पुढे २५०. मग २९२.

"कावून असं दाखवून राहिलं हे?" जानराव चिडले. "मशीन बुढं झालं. फेकून दे."

त्यांच्या बायकोने, रुक्माबाईंनी मला फेकलं नाही. नवरा तांब्यामागून तांब्या पाणी पितो, हे त्याही बघत होत्या. त्यांनी रक्ताचा थेंब घ्यायच्या पट्ट्यांचं नवं खोकं फोडलं आणि जेवणानंतर आधी स्वतःचंच बोट टोचलं. ११८. मग नव्या सुईने जानरावांचं. ३०१.

"मशीन बुढं झालं, तं माही साखर बरोबर कशी सांगते?"

जानरावांनी तो डबा पिशवीत टाकला.

दुसऱ्या दिवशी आम्ही दवाखान्यात गेलो. डॉक्टरीणबाईंनी डबा उलटसुलट पाहिला, जानरावांचा सुजलेला चेहरा पाहिला.

"यात स्टेरॉइड मिसळलं असावं. त्याने दुखणं दबतं आणि साखर चढते."

"मंग आजच बंद करतो!"

"एकदम बंद करणंही धोक्याचं. मी मोजून गोळ्या देते, त्या हळूहळू कमी करू. आणि ताकद पाहिजे ना? रोज डाळ, अंडं, भाजी खा. थोडं चाला."

गुडघे परत दुखू लागले. जानराव कण्हत चालत, पण चालत. दोन महिन्यांनी माझ्यावर १६२ आलं.

तेवढ्यात पुंडलिक नवा डबा घेऊन हजर. त्यांचाही चेहरा गोल झालेला. जानराव रागावले नाहीत.

"बस. बोट दे."

"मले साखर नाही ना!"

"मंग भितो कावून?"

३४४.

पुंडलिकांनी नवा डबा खाली ठेवला. मग हळूच म्हणाले, "जानराव, मी हे सोळा घरांत देल्लं."

जानरावांनी पायात चपला सरकवल्या आणि मला खिशात घातलं. "आधी तुले डॉक्टरकडे नेतो. मंग सोळाही घरी जाऊन सांगू."

मित्रांनो, आजी-आजोबांच्या हातात असा डबा दिसला, तर आत काय आहे ते नक्की विचारा. उत्तर मिळालं नाही, तर त्यांना डॉक्टरकडे न्या. आम्ही आता सातव्या घराच्या दारात उभे आहोत, आणि कडी वाजवायला पुंडलिकच पुढे झाले आहेत.