एका अक्षरानं हुकलेली ढाल

मी एक लाकडी ढाल बोलतेय. लढाईतली नव्हे, सत्काराची. मुखेडजवळच्या एका गावात, शिवमूर्तींच्या बैठकीतल्या फळीवर मी असते. खरं सांगते, शेजारच्या काचेच्या मानचिन्हावर मी जळते.

शिवमूर्तींनी जुन्या सायकलीपासून सोयाबीनमधलं तण काढायचं यंत्र बनवलं. नांदेडच्या प्रदर्शनात त्यांना ते काचेचं मानचिन्ह मिळालं. मग गावच्या पोरांनीही सत्कार ठरवला. काचेवरचाच इंग्रजी शब्द त्यांनी मुनीबभाईंच्या दुकानात फोनवरून सांगितला आणि तिथं तो माझ्या पितळी पट्टीवर कोरला गेला.

लातूरला इंग्रजी शिकवणारी सून, आरती, सुट्टीत आली. मला वाचून तिनं हसू दाबलं.

"मामंजी, काचेवर 'इन्जीनिअस' आहे, म्हणजे कल्पक. या ढालीवर 'इन्जेन्युअस' पडलंय. एका अक्षराचा फरक, पण अर्थ निराळा. मनात कपट नसलेला, भोळा."

"राहू दे. पोरांनी मायेनं दिलंय," शिवमूर्ती म्हणाले.

तरी त्या दिवसापासून काच पुढं आणि मी मागं. पाहुणा आला की काच त्याच्या हातात जायची. माझ्या अंगावर धूळ. मी सागाची, वर पितळ, आणि मान त्या काचेला. ती पडून फुटावी, असंही मनात यायचं.

एकदा लातूरचा एक कारखानदार आला. काचेवरचा शब्द वाचून त्यानं तोंडभर कौतुक केलं आणि यंत्राची मापं मागितली. शिवमूर्तींनी त्याला जेवू घातलं, मापं दिली, वर जोडणीही करून दाखवली.

पुढच्या हंगामात मुखेडच्या बाजारात तसंच यंत्र विकायला आलं. त्यावर नाव कारखानदाराचं.

ते बघून आलेल्या कस्तुराबाईंनी मला पदरानं पुसलं. काच मागं सारली, मला पुढं मांडलं आणि नवऱ्याला म्हणाल्या, "हिच्यावर लिवलंय तेच खरं हाय. लई भोळा माणूस."

शिवमूर्ती उठून बाहेर गेले.

मला हवी होती ती जागा मिळाली. पण तेव्हापासून ते फळीकडं बघतच नाहीत. बैठकीत बसले तरी पाठ करून बसतात.

कस्तुराबाई, मला पुन्हा मागं ठेवा. धूळ बसू द्या. मी त्या काचेवर जळत राहीन, पण त्यांना इकडं बघू द्या.