पहारीचं काम, पहारीचा दाम

मी एक जुनी पहार आहे. मित्रांनो, पाच फूट उंच, टोकाला चपटी आणि आता अंगभर गंजलेली! लोहाराच्या भट्टीत लाल होऊन, घणाचे घाव सोसून मी जन्मले आणि रेल्वेच्या रूळदुरुस्तीच्या टोळीत दाखल झाले. उन्हाने आणि गाड्यांच्या वजनाने रूळ सरकतो. सात-आठ जणांनी आम्हा पहारींना त्याच्याखाली घालून मुकादमाच्या हाकेसरशी रेटलं, की तो सरळ होतो. एकाने जरी अंगचोरी केली, तरी तो तसूभर हलत नाही.

माझा पहिला धनी कमरेने अधू झाला. त्याच्या जागी त्याची बायको लागली, पण खडी वाहायला. एक दिवस टोळीत माणूस कमी पडलं. मुकादमाने माझ्याकडे बोट दाखवलं. "बाई, झेपेल?"

"हात लावल्याशिवाय कसं सांगू?" तिने पदर खोचला आणि मला उचललं.

झेपलं! पुढे सहा वर्षं मी तिच्याच हाती होते. तिच्यामागून आणखी दोघी पहारीवर आल्या. काम पहारीचं, पगार मात्र खडीचा, पुरुषांच्या दोन तृतीयांश.

मग युनियनने पगारवाढीसाठी संप पुकारला. मागण्यांत बायकांच्या समान पगाराचं कलमही होतं. अकराव्या दिवशी साहेबांचा निरोप आला, 'तेवढं कलम गाळा. पुरुषांची वाढ उद्यापासून देतो.'

अवजारांच्या खोलीत सभा भरली. मी भिंतीला टेकून ऐकत होते. बाईचा दीर टोळीतच होता. तो हळूच म्हणाला, "वहिनी, चूल थंड पडायची वेळ आलीय. माझी वाढ आपल्याच घरात येणार ना?"

"येईल, भाऊजी. पण मला तुमच्या दामातला वाटा नकोय. माझ्या घामाचा दाम हवाय."

युनियनचे सचिव चष्मा पुसत राहिले. अखेर मुकादम उठला. "रूळ रेटताना 'बाई, तू दोन तृतीयांशच जोर लाव' असं मी कधी म्हटलं नाही. कलम ठेवायचं असेल, त्यांनी हात वर करा."

पहिला हात वर गेला, तो दिराचा.

संप आणखी नऊ दिवस चालला. पोटाला चिमटे बसले, पण कोणी फुटलं नाही. पहार धरणाऱ्या तिघींना पूर्ण पगार मिळाला. खडी वाहणाऱ्या बायकांना आणखी दोन वर्षं लागली. तोवर बाईने एकही सभा चुकवली नाही.

पुढे यंत्रं आली आणि मी कोपऱ्यात पडले. त्याचं दुःख नाही, माणसांच्या कंबरा तरी वाचल्या. मित्रांनो, जमलं तर मला तेलाचं बोट लावा. आणि तुमची गाडी न हिसकता धावली, तर खिडकीतून जरा खाली बघा. तिथे कोणीतरी उन्हात वाकलेलं असेल. त्याला, तिला, कामाचा पूर्ण दाम मिळतो का, एवढं विचारत जा.